नऊ नंबरचं हसू

"दहापैकी दहा," म्हणत डॉक्टरांनी नऊ नंबरची पट्टी बाजूला सारली. "याला म्हणतात हसू."

विद्यार्थिनीने वहीत आकडा टिपला. दातांच्या कॉलेजात तिला प्रबंध लिहायचा होता: दंतवैद्याला कोणतं हसू सुंदर वाटतं आणि बाकीच्यांना कोणतं. त्यासाठी तिने बारा फोटो कापून पट्ट्या केल्या होत्या. डोळे नाहीत, गाल नाहीत. फक्त ओठ आणि दात.

डॉक्टरांना बाकीच्या चेहऱ्याची गरज होती कुठे? तीस वर्षांत नजरच तशी घडली होती. मधली रेघ सरळ, हिरडी बेताची, वरच्या दातांची कमान खालच्या ओठाला धरून. हे समारंभातही माणसांशी नाही, दातांशी बोलतात, अशी बायकोची जुनी तक्रार होती.

"काम माझंच आहे," ते खुशीत म्हणाले. "सुळे असे मीच बसवतो. पोरगी कोण ते मात्र आठवत नाही. शेकड्यांनी झाल्या."

बायकोची हल्लीची तक्रार वेगळी होती. लेक सासरी जाऊन वर्ष झालं. आधी रोज येणारा फोन आठवड्यावर गेला, मग महिन्यावर, आणि आता तर ती उचलतच नव्हती. एकदा जाऊन बघू या, असं टुमणं बायकोने पंधरा दिवस लावलं होतं. धाकधूक डॉक्टरांनाही होतीच. पण न बोलावता जायचं कसं, जावई काय म्हणतील, आणि जाऊन विचारायचं तरी काय? काही सुचेनासं झालं की ते टेबलावरच्या फ्रेमकडे बोट दाखवत. लेकीने सासरहून पाठवलेला फोटो होता तो. सुखात नसती तर अशी हसली असती का, असं म्हणून ते बायकोला गप्प करत, आणि स्वतःलाही. फ्रेमचं तोंड पेशंटच्या खुर्चीकडे असे. येणाऱ्या-जाणाऱ्याने बापाचं काम बघावं, एवढी हौस.

आज सकाळपासून त्यांनी तीनदा फोन लावला होता. नुसती रिंग वाजत राहिली.

"बाकीच्यांनी काय दिलं नऊ नंबरला?" त्यांनी विचारलं.

विद्यार्थिनी अडखळली. कालपासून तिने रिसेप्शनवरच्या ताईंना, वॉचमनकाकांना, बाहेर बसलेल्या पेशंटना, झाडलोट करणाऱ्या मावशींना, सगळ्यांना विचारलं होतं. "शून्य, सर. एक. फार तर दोन."

"डोळे फुटलेत का त्यांचे?"

"मावशींनी तर आकडाच दिला नाही. म्हणाल्या, ही हसत नाहीये. हस म्हणून कोणीतरी दरडावलंय, म्हणून दात दाखवलेत बिचारीने."

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा उचलली, खिडकीपाशी नेली, चष्मा पुसून पाहिली. मधली रेघ सरळ. हिरडी बेताची. कितीही निरखलं तरी त्यांना दातच दिसत होते. झाडू मारणाऱ्या बाईला दिसतं ते आपल्याला का दिसू नये?

"कुठून आणलास हा फोटो?"

"मॅडम काल तुमचा डबा घेऊन आल्या होत्या ना, त्यांनी दिला. म्हणाल्या, चेहरा कापून टाक आणि मग यांना दाखव."

डॉक्टरांनी टेबलावरची फ्रेम आपल्याकडे वळवली. काचेमागे नुसता पुठ्ठा होता.