आज पुढे चिमणी

समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर गाड्यांना बंदी होती, म्हणून चिमणीने आज हट्टच धरला. "ताई, सायकल पुढे माझी!"

"बरं बाई, राणीसाहेब," ताई हसली.

दोघी बहिणींचा नियम ठरलेला होता. पुढचीने धोका दिसला की ओरडायचं आणि मागचीने तोच शब्द परत म्हणायचा, म्हणजे तिने ऐकलं हे कळतं. वळून बघायचं नाही, तोल जातो.

"खड्डा!" चिमणी ओरडली.

"खड्डा!" मागून ताई.

"वाळू!"

"वाळू!"

मग मागूनच आधी आवाज आला, "दगड!" चिमणीला दगड दिसला तो त्यानंतर.

"ए ताई, चोंबडेपणा नको हं! पुढे मी आहे!"

मागे कोणी हसलं नाही. फक्त चाकाची टिकटिक जवळ सरकली.

"माणूस!"

रस्ता तर रिकामा होता. वळण संपलं आणि आडव्या पडलेल्या सायकलपाशी, रक्ताळलेला गुडघा धरून, ताई बसलेली दिसली.

"चिमणे, थांब गं! मला उठता येत नाहीये!"

चिमणीची बोटं ब्रेकवर गेली.

"थांबू नकोस," अगदी मानेजवळून ताई म्हणाली. "तिच्याकडे बघूसुद्धा नकोस."