फ्रिजमागच्या रेघा

नळ उघडला आणि ग्लासात पुन्हा फेसच आला. वरपासून तळापर्यंत नुसता पांढरा फेस.

"बघा, आजही तेच," नेव्हिल म्हणाला. ग्लास बादलीत ओतून, हातात पाना घेऊन तो बिअरच्या फ्रिजपुढे बसला.

फेब्रुवारी संपल्यापासून दर शुक्रवारी हेच चाललं होतं. त्याचे मित्र डॅरिल आणि सॅमी त्याच्या शेडमध्ये येताना आपापले बिअरचे डबे घेऊन यायचे आणि पीत बसायचे. नेव्हिल मात्र चारपासून अंधार पडेपर्यंत फ्रिजमध्ये डोकं घालून बसायचा आणि शेवटी फेसाची बादली लिंबाच्या झाडाखाली रिकामी करायचा.

सॅमीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डॅरिलला वाटायचं. ऑस्ट्रेलियातल्या मकाय शहरातल्या डेअरीची शीतयंत्रं त्याने चाळीस वर्षं दुरुस्त केली होती. आणि बिअरचा फ्रिज म्हणजे असतं काय? एक पिंप, एक गॅसचा सिलिंडर, एक नळी आणि एक नळ. बिअर गार नसेल, गॅसचा दाब जास्त असेल, नाहीतर नळी दुमडली असेल तर फेस येतो. चौथं कारण क्वचितच निघतं. ते शोधायला सात महिने?

बरं, मागच्या महिन्यात त्याने स्वतः दाब दहावर आणून दिला होता. पुढच्या शुक्रवारी बघतो तर काटा तिसावर. आपोआप चढला असेल, असं नेव्हिलचं म्हणणं. आपोआप चढतो म्हणे! तेव्हापासून डॅरिलच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पिंप तिघांचं होतं. सॅमीच्या गॅरेजात तिघं मिळून बिअर बनवायचे, आणि फ्रिज नेव्हिलकडे होता म्हणून पिंप त्याच्या शेडमध्ये. त्या शुक्रवारी नेव्हिल घरात गेल्याचं बघून डॅरिलने पिंप उचलून पाहिलं. भरून तीन आठवडेही झाले नव्हते आणि अर्ध्याहून रिकामं. एवढी बिअर काय फेसात जाते? त्याने फ्रिज भिंतीपासून थोडा ओढला. मागच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, अशा पाचापाचाच्या जुड्या. त्याने मोजल्या. दोनशे पाच.

म्हणजे आम्हाला फेस आणि स्वारीला बिअर. वर किती ग्लास झाले तेही मांडून ठेवलेत!

डॅरिलला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात हा एकच दिवस होता. बाकीचे सहा तो कसेबसे ढकलायचा. इथेही फसवणूक निघाली तर जायचं कुठे?

मॉरीनही नवऱ्याला सामील असणार, असं त्याला वाटू लागलं. फेब्रुवारीत ती पंधरा दिवस लेकीकडे राहून आली आणि तेव्हापासून बदललीच. पूर्वी भाजलेल्या सॉसेजची ताटली आणून द्यायची, दोन शब्द बोलायची. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसती बघत राहायची.

त्याने सगळं सॅमीच्या कानावर घातलं. सॅमीला पटेना. नेव्ह तसला नाही, तो म्हणाला, सगळ्यांच्या आधी ग्लास संपवणारा तो आणि सगळ्यांच्या आधी दुसऱ्याचा भरणाराही तोच. कारखान्यातला त्यांचा मित्र रस याने डॉक्टरच्या सांगण्यावरून बिअर सोडली तेव्हा डॅरिलने त्याचं नाव 'लिंबूपाणी' ठेवलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने हसला होता नेव्हच. तो रस पुढे शुक्रवारी यायचाच बंद झाला.

"तेच म्हणतोय मी," डॅरिल म्हणाला. "असला पिणारा माणूस सात महिने कोरडा बसेल का?"

पुढच्या शुक्रवारी सकाळीच तो नेव्हिलकडे गेला. नवराबायको बाजारात गेले होते आणि शेडला कुलूप कधीच नसायचं. दाब तिसावर. फ्रिज अकरा अंशांवर. नळी पिंपामागे दुमडून सुतळीने घट्ट बांधलेली. वा! तिन्ही कारणं एकाच फ्रिजात. डॅरिलने सुतळी कापली, जास्तीचा गॅस सोडला, दाब उतरवला, फ्रिज तीन अंशांवर लावला. जाताना रेघा मोजल्या. दोनशे बारा. सात दिवसांत सात. औषधासारखा रोज एक.

चार वाजता नेव्हिलने बादली पुढे ओढली आणि नळ उघडला. ग्लासात स्वच्छ, सोनेरी बिअर उतरली. वर फेस फक्त दोन बोटं. नेव्हिलचा हात नळावरच राहिला.

डॅरिलने त्याला बाजूला करून तीन ग्लास भरले आणि एक त्याच्या हातात कोंबला. "घे. आता कुठला बिघाड सांगतोस?"

सॅमी हसायला लागला. नेव्हिल पुटपुटला की आज पोट बरं नाही, तुम्ही घ्या. तेव्हा मात्र डॅरिलचा तोल सुटला. त्याने फ्रिज खसकन ओढला आणि फळीकडे बोट दाखवलं.

"दोनशे बारा. मोजल्यात मी. आमच्या वाटणीचे दोनशे बारा ग्लास एकट्याने ढोसलेस, आणि आज मित्रांपुढे पोट बिघडलं होय रे? पी. नाहीतर पिंप माझ्या गाडीत जाईल आणि मी या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही."

सॅमी हसायचा थांबला. नेव्हिलने रेघांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मॉरीन तिथे उभी होती. मग त्याने ग्लास तोंडाला लावला आणि पूर्वीसारखा एका दमात रिकामा केला.

"अस्सं," डॅरिल म्हणाला. त्याचा राग कधीच उतरला होता. आपला जुना नेव्ह परत आला, असं वाटून त्याला खरंच बरं वाटलं.

खिडकीचा पडदा ओढला गेला.

नेव्हिलने रिकामा ग्लास पुन्हा नळाखाली धरला आणि नळ पूर्ण उघडला.

"ग्लास नव्हते रे ते," तो म्हणाला. "दिवस होते."