शेवट कोणी पाहिला?

या, असे जवळ सरकून बसा. एका सिनेमाच्या शेवटावरून एका घरात भांडण जुंपलं, त्याची गोष्ट आहे. देवाचं नाव घेऊन ऐका, वाया जायची नाही.

कुलूपवाल्याने थिएटरच्या दाराचं अडलेलं कुलूप मोकळं करून दिलं, म्हणून मालकाने त्याला तीन पास दिले. त्याने आईला नेलं, बायकोला नेलं. सिनेमा जुन्या काळातला. काळे पडदे, मेणबत्त्या, खाकरत जिना चढणारा जमीनदार आणि वरच्या मजल्यावर कोंडलेली त्याची बायको.

सिनेमा संपत आला तसा कुलूपवाला उठला आणि बाहेर दाराशी जाऊन उभा राहिला. गर्दीत बायकोला धक्का लागू नये म्हणून. फार जपायचा तो तिला.

घर दुकानाच्या वरच होतं. सकाळी मायलेक खाली उतरत. तो कानस घेऊन बसे, आई कुलपांना तेल घाली. सून वर, दाराला कुलूप. जग बरं नाही, असं त्याचं म्हणणं. सासू-सुना एकत्र बसल्या की घर फुटतं, हेही त्याचंच. लग्नाआधी ती नदीतल्या पोहण्याच्या शर्यती जिंकायची. आता खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसे, तेवढाच.

जेवायला मात्र तिघं एकत्र बसत.

"मग? सुटली की मेली?" घास घेत त्याने विचारलं. "सगळी गल्ली भांडतेय त्यावरून."

"काही कळलंच नाही," सून म्हणाली. "अंधार झाला आणि संपलं."

"मेली असणार. ते दार मी नीट बघितलंय. आत बसवलेलं कुलूप, आपल्या दाराला आहे तसलंच. आतून-बाहेरून किल्ली लागते आणि किल्ली नवऱ्याच्या कमरेला. विषय संपला."

"सुटली ती," आई म्हणाली.

"आई, कुलपातलं तू मला शिकवणार?"

"तुझ्या बापाने मला शिकवलं. कुलूप एक, किल्ल्या दोन. दुसरी किल्ली असतेच कुठेतरी."

"असं? कुठे होती मग?"

"मिठाच्या बरणीत."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मिठात! अगं, गंजून जाईल ना ती."

"गंजू दे. एकदाच तर लागते."

सुनेचा हात ताटातच थांबला. "अंधारात मला काही दिसलंच नाही, आई. बरणी कुठली? मोठी?"

"धाकटी. मागच्या फळीवरची."

"आणि कुलूप उघडताना खटका वाजतो त्याचं काय?" त्याने बोट नाचवलं. "ह्या कुलपाचा खटका खालपर्यंत ऐकू जातो. नवरा काय बहिरा होता?"

"जेवणानंतर शेजारी ठोकाठोक सुरू होते. त्यात तुझा खटका कोणाला ऐकू येतोय?"

"बरं, उतरली खाली. पुढे? बाईमाणूस एकटी जाणार कुठे?"

सून हळूच म्हणाली, "मलाही तेच वाटतं. ती दारापर्यंत गेली असेल आणि परत फिरली असेल. बाहेर तिचं आहे कोण?"

"मागच्या गल्लीत थोरली बहीण गाडी घेऊन उभी असते!" आईने भांडं ताटाशेजारी आपटलं. "परत कशाला फिरेल? पाण्यात उडी घेणारी पोरगी उंबरठ्याला घाबरते होय?"

"बहीण कुठून आली आता? तिला सांगावा कोणी धाडला?"

"त्या घरात एक म्हातारी होती ना कोपऱ्यात बसलेली. तिने. म्हाताऱ्यांकडे बघतंय कोण?"

"मग त्या म्हातारीचं काय होतं?"

"ती बसते तिथेच. नवऱ्याच्या वेळी तिने स्वतः हिंमत केली नव्हती. ही करतेय एवढं तिला पुरे." आईने सुनेला वाढलं. "पोटभर जेव गं. कोंडलेल्याच्या दाराशी देव आधी जाऊन उभा राहतो. कडी मात्र ज्याची त्याने काढायची."

"हे काय सिनेमात होतं?" तो वैतागला. "मी गेलो आणि इतकं सगळं घडलं?"

"तू दाराशी पहारा देत होतास, बाळा."

"म्हातारीला चळ लागलाय," असं बायकोकडे बघून तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून मायलेक खाली आले. त्याने वर कुलूप घातलं होतं, दोनदा ओढून बघितलं होतं. शेजारचा तांबट हंड्यावर ठोके घालू लागला. आईने आज कधी नव्हे ते लेकाला त्याच्या बापाने घडवलेल्या जुन्या कुलपाची करामत विचारली. तो खुलला. कुलूप खोलून एकेक भाग दाखवत बसला. आई प्रत्येक भागाला "वा!" म्हणत होती.

दिवस कलताना तो वर गेला आणि तसाच धडधडत खाली आला. हातात एक किल्ली होती, त्याच्या कमरेची नव्हे. तिच्या दातांत मिठाचे खडे अडकले होते.

"आई," त्याने किल्ली तिच्यापुढे धरली, "सिनेमाचा शेवट... तू खरंच पाहिलास?"

आईने तेलाची बाटली खाली ठेवली. मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी कुठला पाहतेय? मध्यंतरानंतर माझा डोळाच लागला होता."

कुठल्या दाराशी हात थबकला, तर त्या म्हातारीची आठवण काढा.