चौघांचा तंबू

उन्हाळी सहलीसाठी शेजाऱ्यांकडून मागून आणलेला तंबू लेकीने हॉलमध्येच उभा केला. चौघं मावतील का ते बघायला बाबा बस डेपोतून आल्या आल्या बुटांसकट आत आडवे झाले. डोंगर कुठून चढायचा ते सांगता सांगता मध्येच थांबले. लेकीने वाकून पाहिलं, तर घोरत होते.

तेवढ्यात डेपोतून फोन आला. "वहिनी, एक ड्रायव्हर आलाच नाही. दादांना परत पाठवता का?"

मागच्या तिन्ही सहली अशाच फोनने मोडल्या होत्या. आईने तंबूची चेन हळूच ओढून घेतली.

"ते गेले डोंगरावर."

"अहो, आत्ताच तर इथून निघाले."

"हो ना. तंबूत झोपलेतसुद्धा. तिथे रेंज नाही हो, भाऊ."