आधी ताईवोला बसव

इबादानच्या आमच्या दवाखान्यात केहिंदेमावशी डोळ्याचा पडदा मोजायला आली, ती वारलेल्या जुळ्या बहिणीच्या, ताईवोच्या, जागी रीतीप्रमाणे सांभाळलेली लाकडी बाहुली घेऊनच.

"आधी ताईवोला बसव, पोरा. जन्मतानाही मी तिलाच पुढे पाठवलं होतं, जग कसं आहे ते बघायला."

बसवलं. यंत्राने लाकडाचंही मोजमाप काढलं: डाव्या पडद्याला सूज, लगेच उपचार हवेत.

"मावशी, हे यंत्र उद्या नारळालाही चष्मा देईल!"

मग मावशीला बसवलं. गेल्या महिन्यात सुजलेला, जवळपास गेलेला तिचा डावा पडदा चक्क स्वच्छ निघाला. मी पुन्हा पुन्हा मोजला.

"मग औषध तिला घाल," मावशी शांतपणे म्हणाली.

गंमत म्हणून मी थेंबांची बाटली बाहुलीवर धरली.



बाहुलीने डावा डोळा मिटला.