शेवटच्या नंबराला दुकान

"शेठ, दिसतोय का मी?" गहिनीनाथनं खालून ओरडून विचारलं.

माडीवर टीव्हीसमोर बसलेले गोरक्षशेठ हरखून गेले. खालचं आपलं भांड्यांचं दुकान, पितळी घागरी, चांदीच्या वस्तूंचं काचेचं कपाट आणि कपाटापुढं वाकुल्या दाखवणारा गहिनीनाथ, सगळं टीव्हीत! भिंगारच्या बाजारात असला कॅमेरा अजून कुणी बसवला नव्हता. टांगलेल्या समयांच्या मागं तो असा दडवला होता, की बघणाऱ्याच्या बापाला कळू नये.

गहिनीनाथ वर आला. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत त्याचा हात धरणारा आख्ख्या भिंगारात कुणी नव्हता. "दिवसभर कॅसेट भरत राहील. नवी वायर काय ओढली न्हाई. केबलची वायर घरात हायच, तिलाच जोड मारला. शेवटचा नंबर लावायचा, की दुकान हजर."

"ब्येस. पण कुणाला बोलू नकोस. घरात टीव्ही दुरुस्तीला आलास म्हणून सांगितलंय."

तसं बघितलं तर चोर सापडलेलाच होता, निदान शेठ तसं धरून चालले होते. आठवड्यापूर्वी कपाटातली निरांजनांची जोडी गेली. कपाटाला हात लागायचे ते शेठचे आणि आक्काबाईचे. आक्काबाई बावीस वर्षं दुकानातली भांडी चिंचेनं उजळत होती. धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायला निघालेल्या गिऱ्हाइकांची ही दाटी. त्या दाटीत शेठनी तिला पदर झाडायला लावला आणि पिशवी उलटी केली. चष्मा आणि तंबाखूची चंची, एवढंच काय ते पडलं.

"ज्या हातानं उजळलं, त्याच हातानं चोरीन व्हय मी, मालक?" एवढं बोलून ती गेली. मागच्याच आळीत तिची खोली. तिथली तिची चार घरची कामंही सुटली. चोर म्हटल्यावर कोण उंबऱ्यात उभं करतंय?

कॅमेरा बसून चार दिवस झाले आणि चांदीचा करंडा गेला.

आता आली का पंचाईत! आक्काबाई तर दुकानात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली मंडळी देवळात गेल्यावर शेठनी कॅसेट मागं फिरवली.

टीव्हीत कालची दुपार. "मामा, तुम्ही जेवून घ्या, मी बसतो गल्ल्यावर," असं म्हणून बसलेले जावई. नितीनराव. धोंड्याच्या जेवणाला जामखेडहून आले ते पंधरा दिवस आधीच आले होते. ते उठले, रस्त्याकडं बघितलं, कपाट उघडलं आणि करंडा पँटच्या खिशात घातला.

"अरे, मागितला असतास तर वाणात दिलाच असता की!" शेठ टीव्हीवरच ओरडले.

विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावली. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा करंडा खिशातच गेला. जावयाची लाज वाटली ती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली स्वतःची. गिऱ्हाइकांपुढं पदर झाडणारी आक्काबाई काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

सांगावं, तर लेकीचा, शुभांगीचा, संसार मोडणार. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. न सांगावं, तर आक्काबाई मरेपर्यंत चोर. शेठ किती तरी वेळ कपाळाला हात लावून बसले. देवळातून मंडळी परतायची वेळ झाली, तसे उठले आणि कॅसेट पुसून कोरी केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावलं. मनाला काही ते पटलं नाही.

धोंड्याचं जेवण त्याच्या पुढच्या दिवशी होतं. जावई म्हणजे विष्णू. विष्णू पाटावर बसले आणि शेठनी त्यांचे पाय धुतले. धुताना मान काही वर होईना. बायकोला वाटलं, किती हा भाव! तेहतीस अनारसे दिले, वर दिवा दिला. अनारसे खात जावई म्हणाले, "मामा, आज तुम्ही आराम करा. संध्याकाळी मी बसतो दुकानात."

नको कसं म्हणणार? कारण काय सांगणार?

संध्याकाळी जावई दुकानात जाऊन बसले, तसे शेठ चपला घालून मागच्या आळीला निघाले. आक्काबाईला परत कामावर घ्यायचं, म्हणजे निम्मं पाप तरी फिटेल. ओट्यावरच्या बाया त्यांना बघून बोलायच्या थांबल्या. रोज लांबूनच रामराम घालणारा पानवाला पानं पुसत राहिला. म्हातारीला काढलं म्हणून रागावली असतील, शेठ मनाशी म्हणाले. रागावणारच.

आक्काबाईच्या खोलीत शेजारणी गोळा होऊन टीव्ही बघत होत्या. आवाज नव्हता. आक्काबाई टीव्हीकडं पाठ करून, दार आणि टीव्हीच्या मधोमध बसून ज्वारी निवडत होती.

शेठ दारातच उभे राहिले. खरं ते ओठांपर्यंत आलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "आक्काबाई, झालं गेलं विसर. तुझी चूक मी पोटात घातली. उद्यापासून ये कामाला."

एकही शेजारीण वळली नाही.

"काल तुमी तीन डाव लावून दावलं, तवा वाटलं आता मालक येत्याल," आक्काबाई सुपातून नजर न काढता म्हणाली. "तुमी येऊन सांगंपतूर कुनी तोंड उघडायचं न्हाई, असं ठरलं हुतं आळीत."

मग तिनं सूप उचललं आणि बाजूला सरकली. पडद्यावर, केबलच्या शेवटच्या नंबराला, गोरक्षशेठचं दुकान होतं आणि काचेच्या कपाटापुढं नितीनराव वाकले होते.