पत्ता एकच
आई गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यानंतर दीक्षा पहिल्यांदाच ऑफिसला आली होती. रोज साडेदहाला आईचा फोन यायचा, “पोचलीस का?” आज अकरा वाजत आले होते. समोर ऑफिसचं इंटरनेट चालवणारे नवे दोन राउटर होते, दोन्हींचा नेटवर्कवरचा पत्ता एकच. पहिला बंद पडला की दुसऱ्यानं आपणहून काम हाती घ्यायचं. तपासायला पहिल्याची वायर उपटावी लागते. तिचा हात वायरवर थबकला. “मॅडम, उपटायचीय ती, गोंजारायची नाही,” सहकारी जोगळेकर म्हणाले. तिनं उपटली. नेट चालू असल्याचं दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या ओळी थांबल्या. तीन सेकंदांनी पुन्हा धावू लागल्या. “बघा! कुणाला कळलंसुद्धा नाही,” जोगळेकर म्हणाले. एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नाव झळकलं: आई. तिनं तो कानाला लावला. पलीकडे आधी खोकला, मग कधीच फोन न करणाऱ्या बाबांचा आवाज. “पोचलीस का? उशीर झाला गं. तुझी आई कुठलं बटण दाबायची, सापडेना.”